अठ्ठावीसपैकी किती?

महाराष्ट्रातील नागर मध्यमवर्गात, निवृत्तीच्या दोन-चार वर्षे अगोदरपासून गुडघे साथ देतील तिथवरच्या वयात, प्रामुख्याने आढळणारा राज्यगणक हा प्रवाशांचा एक स्वतंत्र पोटप्रकार मानला पाहिजे. राज्यगणक म्हणजे असा गृहस्थ, की ज्याच्या लेखी प्रवासाचे फळ पाहिलेल्या स्थळांत, चाखलेल्या पदार्थांत किंवा भेटलेल्या माणसांत नसून, भारतीय संघराज्याच्या घटक राज्यांपैकी किती राज्यांत आपले पाऊल पडले या एका आकड्यात असते. त्याला यात्रेकरू म्हणता येत नाही, कारण यात्रेकरू पुण्याचा हिशोब चित्रगुप्तावर सोपवून मोकळा होतो, तर राज्यगणकाला आपले खाते दुसऱ्याच्या हाती देणे मुळीच मानवत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने नुकतेच सिक्कीमला जाऊन आल्याचे सांगितले, तर कांचनजंगा दिसले का, थंडी किती होती, असले प्रश्न न विचारता तो थेट “म्हणजे तुमची एकूण किती झाली?” असे विचारतो, आणि उत्तर आपल्या आकड्यापेक्षा लहान आहे अशी खात्री पटल्यावरच जिलबीकडे वळतो.

मोजणीची हौस मराठी समाजाला नवी नाही. बारा ज्योतिर्लिंगे, चार धाम, अष्टविनायक अशा याद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या असून साडेतीन शक्तिपीठांच्या रूपाने अपूर्णांकही या समाजाने विनातक्रार पचवला आहे. या जुन्या याद्या आणि राज्यांची नवी यादी एकमेकींत गुंततात तेव्हा मात्र राज्यगणकाची बुद्धी विशेष प्रखर होते. वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग बीड जिल्ह्यातील परळीचे की झारखंडातील देवघरचे, हा वाद शास्त्रार्थाने आजवर मिटलेला नाही. परंतु परळीवरच श्रद्धा ठेवून थांबल्यास झारखंड हातचे जाते हे ध्यानात आल्यामुळे राज्यगणक देवघरचे तिकीट काढतो आणि कोणी छेडलेच तर “दोन्हीकडे जाऊन आलेले बरे” असे समन्वयवादी उत्तर देतो. नागेशाच्या बाबतीत औंढा आणि द्वारका यांच्यात तसाच वाद असूनही तेथे तो समन्वयाच्या भानगडीत पडत नाही, कारण सोमनाथामुळे गुजरात त्याच्या खात्यावर आधीच जमा झालेले असते.

या दृष्टीने पाहता पूर्वसूरींचे प्रवास राज्यगणकाला अत्यंत तोट्याचे वाटतात. वरसईहून १८५७ साली निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या ऐन धामधुमीत ग्वाल्हेर, झाशी, अयोध्या, काशी असे फिरले, लुटले गेले, जिवावरच्या प्रसंगांतून वाचले, आणि त्याची हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाली. पण ती सारी पायपीट आजच्या नकाशावर मांडली तर महाराष्ट्राबाहेरची म्हणून मुख्यतः मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश हीच दोन राज्ये पदरात पडतात. राज्यगणक हे ऐकून मनापासून हळहळतो. एवढे हाल सोसलेच होते, तर परतताना वाट जराशी वाकडी करून राजस्थान घ्यायला काय हरकत होती, असे त्याला वाटते.

राज्यांची मोजणी करायची तर आधी राज्ये हवीत. राज्य पुनर्रचना कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले, तेव्हा या छंदाला कच्चा माल मिळाला. त्याला खरी गती मात्र दिली ती सरकारी आणि बँकांतील नोकरदारांना मिळणाऱ्या प्रवास-सवलतीने. एलटीसी किंवा बँकांच्या परिभाषेत एलएफसी या नावाने ओळखली जाणारी ही सोय म्हणजे ठरावीक वर्षांच्या एका खंडात, ज्याला कचेरीत ‘ब्लॉक’ म्हणतात, कुटुंबासह प्रवास केल्यास भाडे मालकाने भरण्याची व्यवस्था होय. ब्लॉक वाया जाणे ही नोकरदाराच्या आयुष्यातील एक मान्यताप्राप्त शोकांतिका असल्यामुळे, जायचे कोठे हे ठरण्याच्या कितीतरी आधी जायचे हे ठरलेले असते. आणि जायचे कोठे हा प्रश्न सोडवण्याची सर्वांत वस्तुनिष्ठ रीत म्हणजे अजून न झालेल्या राज्यांची यादी काढणे.

मोजणी कशी करावी याविषयी राज्यगणकांत एकवाक्यता नाही, आणि त्यांच्यातील मतभेद वेदान्ताच्या शाखांपेक्षा कमी कडवे नाहीत. सर्वांत उदार असे जे स्पर्शवादी, त्यांच्या मते राज्याच्या हद्दीत देह आला की राज्य झाले. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी दिल्लीची राजधानी एक्स्प्रेस गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हरियाणा ओलांडून सकाळी दिल्लीत पोहोचते, त्यामुळे स्पर्शवादी एका रात्रीत पाच राज्ये जमा करतो आणि त्यांतली बहुतेक घोरत असताना करतो. या सवंगपणाला विटलेल्या सुधारकांनी पदस्पर्शाची अट घातली. या पंथाचा अनुयायी अपरात्री कोटा स्थानकात गाडी थांबताच रबरी चपला सरकवून फलाटावर उतरतो, दोन्ही पाय टेकवतो, अंगावर शाल आणि हाती काही नसताना गार्डाकडे अपराध्यासारखे पाहतो आणि परत चढतो. अशा साधकांचे परमक्षेत्र म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर स्थानक. महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा या स्थानकातूनच गेलेली असून, ती फलाटावरील एका बाकाच्या मधोमध रंगवून दाखवली आहे. त्या बाकावर योग्य जागी बसल्यास माणूस एकाच वेळी दोन्ही राज्यांत असतो, मात्र छायाचित्र काढणाऱ्याला कोणत्या तरी एकाच राज्यात उभे राहावे लागते.

याउलट मुक्कामवादी हे कर्मठ. ज्या राज्यात रात्र काढली नाही ते राज्य झालेच नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. तो ऐकायला भारदस्त वाटला तरी चंडीगडमध्ये त्याची फार दैना होते. हे शहर पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी असले तरी स्वतः केंद्रशासित प्रदेश आहे, म्हणजे तेथे राहणारा पाहुणा दोन राज्यांच्या राजधानीत असूनही दोहोंपैकी एकाही राज्यात नसतो. अडाणी प्रवाशाला एका दगडात तीन पक्षी मिळाल्याचा आनंद होतो. मुक्कामवादी मात्र पहिली रात्र चंडीगडात, दुसरी पंजाबातील मोहालीत आणि तिसरी हरियाणातील पंचकुल्यात काढतो. तिन्ही ठिकाणे एकमेकांना खेटून असल्यामुळे सलग तीन दिवस सामान बांधून जेमतेम काही किलोमीटर सरकण्यामागचा हेतू टॅक्सीवाल्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

यांखेरीज भोजनवादी म्हणून एक पंथ सांगितला जातो. राज्यातील अन्न पोटात गेले तरच राज्य झाले, हे तत्त्व वरवर सर्वांत सुसंस्कृत दिसते. परंतु महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींबरोबर बहुधा स्वयंपाकी आणि पिंपभर मसाले जात असल्याने मनालीला पिठले-भाकरी आणि उटीला श्रीखंड-पुरी असा बेत ठरलेला असतो, आणि उरलीसुरली पोकळी भडंग, मेतकूट व शेंगदाण्याच्या चटणीने भरून निघते. या निकषावर मोजल्यास कित्येक राज्यगणकांचे एकच राज्य झाल्याचे सिद्ध होईल. त्यामुळे हा पंथ फारसा वाढला नाही.

मराठी राज्यगणकापुढे काही अडचणी अशा आहेत, की ज्या इतर प्रांतांतील त्याच्या बांधवांना ठाऊकही नसतात. कर्नाटकाचेच घ्या. सर्वांत जवळचे आणि सोयीचे ठिकाण बेळगाव. पण बेळगावी जाऊन वहीत ‘कर्नाटक’ लिहायचे म्हणजे ज्या सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो स्वतःच्या हस्ताक्षरात निकाली काढण्यासारखे आहे. म्हणून स्वाभिमानी राज्यगणक बेळगावात नातेवाइकांकडे आठ-आठ दिवस राहून कुंदा खातो, तो प्रवास महाराष्ट्राच्या खात्यावर टाकतो आणि कर्नाटकासाठी वेगळा खर्च करून हंपीला जातो. इतिहासाने त्याची सोयही पुष्कळ केली आहे. हरियाणा त्याला पानिपतामुळे मिळते. १७६१ सालच्या संक्रांतीच्या पराभवाने डोळे पाणावलेले असतानाही एक नवे राज्य झाल्याचे समाधान त्याला लपवता येत नाही. पंजाबसाठी संत नामदेवांचे घुमान आहे, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरल्यामुळे परिसंवादांशी काडीचा संबंध नसलेल्या अनेकांना साहित्यसेवा आणि पंजाब एकाच वेळी साधता आले. अटक तेवढे राहिले, कारण झेंडा पार गेलेला असला तरी ते आज पाकिस्तानात आहे.

एवढ्या निष्ठेने जमवलेला हा आकडा प्रवाशाच्या पायांवर अवलंबून नसून संसदेच्या मर्जीवर अवलंबून आहे, ही या छंदातील खरी गंमत होय. संविधानाच्या अनुच्छेद ३ अन्वये नवे राज्य निर्माण करण्याचा, राज्यांच्या सीमा आणि नावे बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, आणि तो वापरला गेला की घरात बसलेल्या राज्यगणकाची खतावणी ढवळून निघते. नोव्हेंबर २००० मध्ये १, ९ आणि १५ या तारखांना अनुक्रमे छत्तीसगड, उत्तरांचल (पुढे उत्तराखंड) आणि झारखंड ही राज्ये झाली, तेव्हा भिलाईला मेहुणा, हरिद्वारला गंगा आणि जमशेदपूरला तरुणपणीची अयशस्वी मुलाखत असलेल्या गृहस्थाची संख्या पंधरवड्यात तीनने वाढली, आणि त्याला त्यासाठी आरामखुर्चीतून उठावेही लागले नाही. २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे झाले, त्या दिवशी मात्र राज्यगणकांत उभी फूट पडली. ज्यांचे चारमिनारबरोबर तिरुपतीही झाले होते त्यांचे आंध्र शाबूत राहून तेलंगणाची भर पडली. ज्यांनी केवळ चारमिनार पाहिला होता त्यांचे आंध्र जाऊन तेलंगणा आले, म्हणजे बेरीज होती तेवढीच राहिली. या दुसऱ्या गटातील बुद्धिमंतांनी, हैदराबाद ही दहा वर्षांसाठी दोन्ही राज्यांची सामायिक राजधानी असल्याचा कायद्यातील आधार काढून दोन्ही राज्ये मोजण्याचा प्रघात पाडला. ती मुदत २ जून २०२४ रोजी संपली. तिरुपतीच्या त्यानंतरच्या भाविकांत या मंडळींचा वाटा किती, हे व्यंकटेशच जाणे.

बेरजा सोसवतात, वजाबाकी सोसवत नाही. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचे राज्यपण जाऊन त्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले आणि देशातील राज्यांची संख्या २९ वरून २८ वर आली. या घटनेवर देशभर उलटसुलट चर्चा झाली. पण गुलमर्गच्या बर्फात भाड्याचा कोट घालून मधुचंद्राचे छायाचित्र काढलेल्या राज्यगणकाच्या मनात जो पहिला विचार आला, तो त्याने कोणाजवळही बोलून दाखवला नाही. पुढे २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एक झाल्याने दमणचे स्वतंत्र अस्तित्वही यादीतून गेले, मात्र मुंबईकर दमणला का जात असे हे सर्वज्ञात असल्यामुळे ते नुकसान त्याने घरात कळू दिले नाही.

तुलनेच्या बाबतीत राज्यगणक समतावादी आहे. सुमारे ३ लाख ४२ हजार चौरस किलोमीटरचे राजस्थान आणि ३,७०२ चौरस किलोमीटरचा गोवा त्याच्या वहीत सारख्याच एका ओळीचे धनी असतात. अर्थात राजस्थानला दहा दिवस देण्यात शहाणपण नाही हे त्याच्या लवकरच लक्षात येते आणि त्याची नजर ईशान्येकडे वळते, जेथे सिक्कीम धरून आठ राज्ये दाटीवाटीने बसली आहेत. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि आता मणिपूर यांत शिरण्यासाठी लागणारा इनर लाइन परमिट, म्हणजे १८७३ च्या ब्रिटिशकालीन नियमातून चालत आलेला प्रवेश-परवाना, हा सामान्य पर्यटकाला जाच वाटतो. राज्यगणकाला तो अधिकृत शिक्का असलेला पुरावा वाटतो आणि परतल्यावर तो त्यास प्लास्टिकचे आवरण घालतो. त्याची निरीक्षणेही राज्यनिहाय आणि एकओळी असतात: केरळात हिरवळ, गुजरातेत रस्ते, मिझोराममध्ये शिस्त. ऐझॉलमध्ये कोणी हॉर्न वाजवत नाही, ही माहिती तो पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला हॉर्न दाबून धरून देतो.

त्याच्या पत्नीची संख्या त्याच्याहून एकने अधिक असते, कारण बँकेच्या तपासणीत तो अडकलेला असताना ती बहिणीच्या बाळंतपणासाठी भुवनेश्वरला जाऊन आलेली असते. तिने ती कधी मोजलेली नसते. हा आकडा तोच मोजतो, आणि दरवर्षी मार्च संपला की ओडिशाचा विषय काढतो.

स्वतःचे राज्य मोजावे की नाही, यावर अद्याप निर्णय नाही. तवांगला जाऊन आलेल्या राज्यगणकाने लोणारचे विवर किंवा भामरागड पाहिलेले असतेच असे नाही, कारण त्याने आकड्यात फरक पडत नाही. अपवाद नागपूरचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा अभिमान बाळगणारा हा गृहस्थ वेगळ्या विदर्भाच्या मागणीला चारचौघांत कडाडून विरोध करतो, १०६ हुतात्म्यांची आठवण देतो आणि आवाज चढवतो. तथापि नागपुरातील झिरो माइलच्या स्तंभापाशी उभे राहून काढलेले एक छायाचित्र, मागे तारीख घालून आणि हॉटेलच्या बिलाची प्रत जोडून, त्याने वेगळ्या पाकिटात ठेवलेले असते.