चढण : एक

जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी कुठेतरी डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि चांगली शिकलेली माणसं तो हुडकायला झुडपांत शिरतात. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगनच्या रानात काळी बादली ठेवून हा उद्योग सुरू केला. आत पुस्तकं, गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा होता.

"म्हणजे उसळच की," सासूबाई म्हणाल्या.

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून त्या व्हीलचेअरवर आहेत; हौस मात्र कामावर रुजू आहे. बोस्टनला लेकीकडे येऊन घराच्या भिंती बघायच्या नाहीत, असं त्यांनी विमानातच ठरवलेलं. या खेळात प्रत्येक डब्याला पोचायला किती अवघड याचा १ ते ५ असा आकडा असतो. पाचला दोर किंवा होडी लागते, एकला चाकाची खुर्ची जाते. आम्ही एक निवडला आणि मेन राज्यातल्या पोर्टलंड हेड दीपगृहाकडे निघालो.

"समुद्र बघायला एवढ्या लांब?" रत्नागिरीच्या बाईला अटलांटिक दाखवायचा म्हणजे हलवायाला पेढे नेण्यासारखं.

दीपगृह मात्र त्यांना पसंत पडलं. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या काळात बांधून घेतलेलं, १० जानेवारी १७९१ ला उजळलेलं. तेव्हा दिव्यात व्हेलचं तेल जळायचं. मनोऱ्यावर एरवी कुणालाच चढू देत नाहीत, हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं. सगळेच खाली."

फोन म्हणाला, पोचलात. जीपीएसचं 'पोचलात' म्हणजे चार-पाच मीटरचा घोळ असतो. त्यात बघ्यांना संशय येऊ द्यायचा नाही, हा खेळाचा शिरस्ता. त्यामुळे मी बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होतो आणि बायको कुंपणाचेच फोटो काढत होती. एका सद्‌गृहस्थाने मला पाठदुखीवरचा उपाय सांगितला.

मध्येच बायकोने आईला खडकावर रंगवलेली अक्षरं दाखवली. २४ डिसेंबर १८८६ च्या रात्री 'ॲनी सी. मॅग्वायर' हे जहाज थेट याच दीपगृहाच्या पायथ्याशी आदळलं. राखणदार जोशुआ स्ट्राउट यांनी घरच्यांच्या मदतीने शिडी टाकून सगळ्यांना सुखरूप उतरवून घेतलं.

"एवढा दिवा समोर असून दिसला नाही?"

"नाही ना, आई."

"मग जावईबापू, तुमचंही तेच चाललंय. तो बघा डबा."

लोखंडी कठड्याच्या खालच्या अंगाला, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर, लोहचुंबकाने चिकटलेली डबी होती. आम्ही उभ्या माणसांनी जमीन आणि आकाश तेवढं तपासलं होतं. आत नोंदीची बोटभर रुंद चिठ्ठी. त्यांनी बँकेत करतात तशी पूर्ण नावाची सही केली, आणि उरलेल्या जागेत 'मु. पो.' सुरू झालं.

आत कुणीतरी ठेवलेलं शंखाचं बटण त्यांना आवडलं. घेतलं तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवायचं, असा नियम. "रिकामा डबा परत करतं का कुणी?" म्हणत पिशवीतून आवळासुपारी निघाली. खाण्याची वस्तू चालत नाही, वासाने जनावरं येतात, असं मी सांगितलं.

"आणि त्या अल्मरांची उसळ?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शेवटी टिकल्यांच्या पाकिटावर तडजोड झाली.

येताना वाटेत आणखी एक 'एक' आकड्याचा डबा केला. रस्ता गुळगुळीत, डबा मात्र झाडाच्या फांदीला, माझ्याही डोक्याच्या वर. तेव्हा डबे लपवणाऱ्या मंडळींना सासूबाईंच्या वतीने विनंती : एक लिहायच्या आधी स्वतः खुर्चीत बसा आणि हात पोचतो का ते बघा.