चार जॅकांचे अण्णा

बँकेत पस्तीस वर्षं कॅशियरकी करूनही अण्णांचा वरपर्यंत ‘जॅक’ असा कधी नव्हताच. ज्यांचा होता ते पुण्यातल्या पुण्यात कर्वे रोडवरून लक्ष्मी रोडला बदलून गेले. अण्णा किनवट, शहादा आणि गडचिरोली पाहून आले. निवृत्तीनंतर त्यांनी ही उणीव एकदम भरून काढली. आज त्यांच्याकडे चार जॅक आहेत, लोखंडाचे.

हे सगळं एका गाडीसाठी. १९७८ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ती माझ्या वडिलांनी दिली, असं काकू सांगतात; ती मी टिकवली, असं अण्णा सांगतात. मुंबईतल्या टॅक्सी-पद्मिनींना ऑक्टोबर २०२३मध्ये कायमचा निरोप मिळाला, तेव्हा सोसायटीतले दोघेतिघे सांत्वनाला म्हणून अण्णांकडे गेले. अण्णांनी चहा पाजला आणि विचारलं, “आता स्पेअर पार्ट स्वस्त होतील का हो?”

पहिला जॅक गाडीबरोबरच आलेला. त्याचा हात गाडीच्या कडेखाली अडकवायचा आणि फिरवत बसायचं. वीसेक वर्षांपूर्वी अण्णांनी तो असाच फिरवला. जॅक छान वर गेला, गाडी गेली नाही. कडेचा पत्रा आतून गंजून पापड झाला होता. त्यातून जॅक दारापर्यंत पोचला. तेव्हापासून अण्णा कुठल्याही जुन्या गाडीचं कौतुक करण्याआधी वाकून तिच्या कडा बोटाने ठोकतात. गाडीच्या मालकांना हे आवडत नाही.

मग बॉटल जॅक आला. दुकानदार म्हणाला, “दोन टनाचा आहे काका, निर्धास्त घ्या.” अण्णांनी घेतला. पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, त्यातला एक कोपरा उचलायचा. दोन टन म्हणजे चैनच. मात्र वाईला लग्नाला जाताना मागचं चाक बसलं आणि अण्णांच्या ध्यानात आलं की आपण टन मोजले, उंची मोजलीच नाही. म्हणजे मोजली होती, पण टायरमध्ये हवा असताना. हवा गेली की एक्सलही खाली येतो आणि मिटलेला जॅकसुद्धा त्याच्याखाली शिरत नाही. पैठणीतल्या काकू बाभळीच्या सावलीत उभ्या, मुहूर्त पुढे चाललेला, आणि अण्णा रस्त्याच्या कडेला फळी शोधत फिरताहेत. शेवटी एका टपरीवाल्याची फळी मागून, बसलेलं चाक तिच्यावर चढवून त्यांनी जॅकपुरती जागा केली. अक्षता हुकल्या, जेवण मिळालं. तो जॅक तेव्हापासून माळ्यावर निलंबित आहे.

घरी आल्यावर त्यांनी धडधाकट टायरची हवा स्वतःच्या हाताने सोडली, टेपने उंची घेतली आणि पायपंपाने हवा परत भरली. शेजाऱ्यांनी काकूंकडे हळूच चौकशी केली. पुढच्या वेळी दुकानदार ‘किती टनाचा देऊ?’ म्हणाला तेव्हा अण्णा म्हणाले, “टन राहू द्या. मिटल्यावर किती आणि उघडल्यावर किती, ते सांगा.” उघडल्यावरचंही महत्त्वाचं. बॉडीखाली जॅक लावला की आधी स्प्रिंग मोकळी होते, चाक लोंबतं, आणि जॅक संपला तरी टायर जमीन सोडत नाही. मागच्या एक्सलखाली, पाट्याजवळ लावला तर चाक लगेच उठतं. हे अण्णा लग्नाच्या पंगतीतही सांगतात.

हा तिसरा जॅक डिकीत उभा असतो, सुतळीने बांधून, कारण आडवा पडला की तेल गळतं. चौथा ट्रॉली जॅक. तो घरच्या फरशीपुरता. गाडी उचलताना त्याची चाकं थोडी सरकावी लागतात, आणि खडीत ती रुततात.

चाक बदलणं म्हणजे अण्णांच्या लेखी कॅश टॅली. हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या टोकाच्या चाकाला पुढून-मागून दगड. दगड घरचे, त्यांवर ऑइलपेंटने १ आणि २ घातलेलं. चाकाचे नटबोल्ट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. हवेत गेल्यावर पान्याला झटका दिला तर गाडीच जॅकवरून उतरते. जॅकखाली फळी. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी, चुकून घसरलीच तर गाडी तिच्यावर बसावी म्हणून. एवढं होईपर्यंत दुसऱ्या कुणी पंक्चर काढून, चहा पिऊन घर गाठलेलं असतं.

एकदा गॅरेजमधला पोरगा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली सरपटत शिरायला लागला. अण्णांनी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढला.

“अरे, घोडी कुठाय?”

“दोन मिनिटांचं काम आहे, अण्णा. जॅक मजबूत आहे.”

“मी शंभराची नोट देताना सही घेत होतो. तू जीव ठेवतोयस त्याच्यावर. सही कुणाची घेतलीस?”

पोरगा म्हणाला, मग विटा लावतो.

“विटेवर उभं राहायचं ते पांडुरंगानं! वीट सांगून फुटत नाही.”

गाडीला टेकू द्यायच्या घोड्या अण्णांनीच घरून आणल्या. दोन्ही लावल्या, जॅक सैल केला, गाडीला खांद्याने दोनदा हलवून पाहिलं, आणि मग म्हणाले, “जा आता.” पोरगा दोन मिनिटांत बाहेर आला. त्याला अण्णांनी आत काय काय बघितलंस ते विचारलं, म्हणजे सगळी वीस मिनिटं झाली.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला. घराचं कर्ज अडकलं होतं. बराच वेळ घुटमळून त्याने विचारलं, “अण्णा, बँकेत तुमचा काही जॅक आहे का?”

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

“मिटल्यावर किती उंचीचा पाहिजे?”