पंधरा किलोंचे अंदमान

अंदमानच्या सहलीची बॅग निघायच्या तीन आठवडे आधी माळ्यावरून खाली येते आणि हॉलच्या मधोमध तोंड उघडून पडते. या काळात घरातले जे कोणी तिच्याजवळून जाते, ते तिच्यात काहीतरी टाकून जाते. टाकण्याचा हक्क सर्वांना असतो, काढण्याचा कोणालाच नसतो. त्यामुळे बॅग भरली जाते असे म्हणण्यापेक्षा ती साचत जाते असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा माणशी १५ किलो सामान पोटात आणि ७ किलो हातात नेता येते. आजी, आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाच्या वाट्याला म्हणजे एकूण ११० किलो येतात. ही मर्यादा पाळली जाते की नाही हे तपासण्याची घरगुती पद्धत ठरलेली आहे. घरातला कर्ता पुरुष आधी एकटाच वजनकाट्यावर उभा राहतो, मग बॅग पोटाशी कवटाळून उभा राहतो. बॅग आड आल्याने आकडा त्याला दिसत नाही, म्हणून मुलाने पालथे पडून तो वाचायचा असतो. दोन आकड्यांच्या वजाबाकीतून बॅगेचे वजन निघते. पण पहिला आकडाही मोठ्याने वाचला गेलेला असल्यामुळे पुढची चर्चा बॅगेवर राहत नाही.

बेटांची माहिती सामानाच्या यादीआधी घेतली जावी अशी अपेक्षा असते. अंदमान बंगालच्या उपसागरात, चेन्नईपासून सुमारे १३५० किलोमीटरवर आहे. तापमान वर्षभर तेवीस ते एकतीस अंशांच्या आसपास खेळते. हवा दमट असते आणि वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे त्यातला बराचसा देतात, उरलेला ईशान्येकडचे वारे देतात. म्हणजे महाराष्ट्रात पाऊस संपून दिवाळीची सुट्टी लागते, तेव्हा तिथे पावसाचा दुसरा अंक चालू असतो. कोरडा काळ जानेवारी ते एप्रिल. मात्र शाळांना सुट्टी दिवाळीत असते, म्हणून अंदमानलाही दिवाळीतच जावे लागते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजय पुरम करण्याची घोषणा झाली. यादी मात्र १९९८ साली महाबळेश्वरला नेलेलीच असते.

त्या यादीत पहिले स्थान खाण्याचे. सहल दिवाळीच्या सुट्टीत असल्याने फराळाचा डबा आपोआप बॅगेत सरकतो. चिवडा, चकली, शंकरपाळे, बाकरवडी, दशम्या, मेतकूट, लसणीची चटणी आणि ‘तिकडे चहा कसा मिळतो कोण जाणे’ म्हणून चहापूड. सहलीच्या दरात न्याहारीसह सर्व जेवणे धरलेली असतात, आणि ती धरलेली असल्यामुळेच तिकिटे काढलेली असतात. तरीही घरापासून इतक्या दूर माणूस उपाशी राहू शकतो, ही शक्यता पूर्णपणे फेटाळता येत नाही. बेटांवर बंगाली, तमिळ आणि तेलुगू भाषक मोठ्या संख्येने राहतात. भात, मासे, डोसा, आलूपराठा यांपैकी काहीच मिळाले नाही असा माणूस अजून आढळलेला नाही. पिशवीतल्या चिवड्याला हा पुरावा पुरेसा वाटत नाही.

खोबऱ्याचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या आसपास तेल असते. विमान वाहतुकीच्या नियमांत ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांमध्ये मोडते. अख्खा सुका नारळ त्यामुळे विमानात चालत नाही. प्रवास निर्विघ्न व्हावा म्हणून आजीने देवापुढचा नारळ बॅगेत ठेवलेला असतो. तपासणीच्या पडद्यावर तो गोल, टणक आणि संशयास्पद दिसतो, आणि प्रवासातले पहिले विघ्न तिथेच येते. वास्तविक हा नारळ जिथे नेला जात असतो, तिथे डोके वर करून पाहिले की नारळच दिसतात. खोबरेल तेलाच्या बाटलीची गोष्ट निराळी. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या बारीक माश्या घोट्यांना फोडून काढतात, त्यांच्यापासून अंगावरचा तेलाचा थर थोडाफार बचाव करतो. केसांना लावायला नेलेले तेल अशा प्रकारे पायांच्या उपयोगी पडते. यादीतील दूरदृष्टीचा दाखला म्हणून ही बाटली नंतर अनेक वर्षे सांगितली जाते.

कपड्यांचे दोन वर्ग पडतात : घालायचे आणि फोटोचे. फोटोच्या कपड्यांत मोठमोठ्या जास्वंदी छापलेले शर्ट, गुडघ्याखाली संपणाऱ्या चड्ड्या, गवती टोप्या आणि सगळ्या कुटुंबाचे एकाच रंगाचे टी-शर्ट येतात. घालायच्या कपड्यांत जीन्स अग्रभागी असते. जाड सुती कापड पाणी धरून ठेवते आणि दमट हवेत ते उडून जात नाही. खाऱ्या पाण्यात एकदा भिजलेली जीन्स दुसऱ्या दिवशी ओली, तिसऱ्या दिवशी ओलसर आणि चौथ्या दिवशी वासाची असते. टर्किश टॉवेलचा स्वभावही तोच. पाच जणांचे पाच टॉवेल हॉटेलच्या खुर्च्या, पलंगाचे कठडे आणि दाराच्या कड्या व्यापून बसतात, आणि माणसे उभी राहतात.

या संदर्भात पंचाचा उल्लेख अटळ आहे. विरळ विणीचा, पातळ, मुठीत मावणारा पंचा पाणी टिपतो, पिळला की निथळतो आणि दांडीवर टाकला की तासा-दोन तासांत वाळतो. डोक्याला गुंडाळता येतो, वाळूवर अंथरता येतो, त्याच्या आडोशाने कपडे बदलता येतात. उष्ण कटिबंधातल्या बेटासाठी एखाद्या प्रयोगशाळेने कापड शोधायचे ठरवले, तर ती फिरून इथेच येईल. घरात तो असतोही. पण आजोबांचा म्हणून, किंवा फरशी पुसायला गेला म्हणून, तो बॅगेत जात नाही. फोटोत तो चांगला दिसत नाही, हे खरे कारण.

कानटोपीची कथा याच्या उलट. एकतीस अंशांच्या बेटावर आजीची कानटोपी आणि स्वेटर जातात तेव्हा घरात हसे होते. मग श्री विजय पुरमहून स्वराज द्वीपकडे जाणाऱ्या वातानुकूलित बोटीत कुटुंब बसते. दीड-दोन तासांच्या त्या प्रवासात गार हवेचा झोत थेट मानेवर येतो. जास्वंदीचे शर्ट घातलेली तरुण पिढी कोपरे पोटाशी धरून कुडकुडते, आणि कानटोपीतला चेहरा खिडकीबाहेर शांतपणे पाहत राहतो.

याच बोटीत औषधांच्या डब्याची परीक्षा होते. बोट हलते हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळते, डोळ्यांना मात्र समोरची स्थिर खुर्ची दिसते. या दोन बातम्या जुळत नाहीत, म्हणून मळमळते. उपाय साधे आहेत : बोटीच्या मध्यभागी बसावे, मोबाइल खिशात ठेवून क्षितिजाकडे पाहावे आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. ही गोळी कुटुंबाजवळ असते. ती पोटात दिलेल्या सामानातल्या मोठ्या बॅगेत, इसबगोल, ओवा, सुंठ, मलम आणि गेल्या वर्षीच्या खोकल्याच्या औषधाखाली असते. हाताशी असते ती आलेपाकाची वडी. आल्याने मळमळ काहीशी कमी होते, त्यामुळे पुन्हा एकदा आजीच्याच पर्सला श्रेय द्यावे लागते.

उन्हाच्या मलमाचा हिशेब शाळेच्या पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे. प्रौढ माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर मलम लागते आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर, ते पुन्हा लावावे लागते. पाच माणसांना एका वेळेस सुमारे १५० मिलिलिटर. कुटुंब सहा दिवसांसाठी ५० मिलिलिटरची एक ट्यूब नेते, आणि ती परत येते तेव्हा अर्धी भरलेली असते. गणिताचे उत्तर वापरण्याच्या पद्धतीत आहे. नाकावर एक, गालांवर दोन, असे हरभऱ्याएवढे तीन ठिपके लावले की संरक्षण पूर्ण झाले असे समजतात. ट्यूबवरच्या आकड्यांबद्दलही मोठा आदर आढळतो. ३० क्रमांकाचे मलम त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० क्रमांकाचे सुमारे ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुकानात अर्धा तास चर्चा होते, आणि नंतर ते लावायचेच राहून जाते. काही मलमांतली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळांना अपायकारक ठरत असल्याच्या चिंतेमुळे अमेरिकेतल्या हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून अशा मलमांची विक्री बंद केली. लांब बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि काळी छत्री यांच्याबद्दल प्रवाळांची काहीच तक्रार नाही. छत्री बॅगेत असते, पण पावसासाठी. ऊन असताना ती उघडायला लाज वाटते.

विजेच्या वस्तूंत चार्जर, किटली, केस सुकवण्याचे यंत्र आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांचा समावेश होतो. पॉवर बँक पोटातल्या सामानात देता येत नाही, कारण तिच्यातली लिथियमची बॅटरी पेटली तर विझवायला तिथे कोणी नसते. ती हातातल्या पिशवीत न्यायची असते. पण ती मोठ्या बॅगेतच गेलेली असते, म्हणून विमानतळाच्या काउंटरसमोर पाच मोठ्या बॅगा लादीवर आडव्या पडतात, आणि कुलुपाची किल्ली ज्या बॅगेत असते ती सर्वांत शेवटी सापडते. चिवड्याची पिशवी, स्वेटर आणि अंतर्वस्त्रे रांगेतल्या अनोळखी मंडळींसमोर क्रमाने बाहेर येतात. रांगेतली मंडळी सभ्यपणे दुसरीकडे पाहतात, कारण त्यांच्याही पॉवर बँका आतच असतात.

खरी गरज असते ती टॉर्चची, आणि तिचे कारण भूगोलात आहे. अंदमान मुंबईपेक्षा सुमारे २० अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर तिथे सूर्य ८० मिनिटे आधी माथ्यावर येतो, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारची झोप काढून, चहा घेऊन, जास्वंदीचा शर्ट चढवून कुटुंब साडेपाचला स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला पोचते, तेव्हा ज्यांनी तो पाहिला ते परत निघालेले असतात. मोबाइलच्या उजेडात वाळू तुडवत एक फेरी होते. सूर्योदय मात्र चुकत नाही, कारण तो लोक झोपेत असताना होतो.

कागदपत्रांत अतिरेक असतो आणि रोख पैशांत काटकसर. अंदमानच्या नेहमीच्या ठिकाणांसाठी भारतीय पर्यटकाला परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरते. तरी प्रत्येकाच्या आधार कार्डाच्या पाच पाच झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जातात. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारले असले, तरी लहान बेटांवर ते लहरी असते आणि एटीएम मोजकी. शहाळेवाल्यासमोर पाच माणसे पाच शहाळी पिऊन झाल्यावर मोबाइलवरचे चक्र फिरत राहते. वाचण्याचा चष्मा हाही आवश्यक वस्तूंतच मोडतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दलचे फलक काही किनाऱ्यांवर आहेत आणि ते वाचण्यासाठीच लावलेले आहेत.

सहलीत सेल्युलर जेल असतेच, आणि मराठी पर्यटकासाठी अंदमान बहुधा तिथूनच सुरू होते. मूळच्या सात इमारतींपैकी तीन आज उभ्या आहेत. ४ जुलै १९११ रोजी सावरकर इथे आणले गेले आणि १९२१ पर्यंत इथे होते. कोठडीसमोर सगळे गप्प होतात. तेलाचा कोलू पाहून आणखी गप्प होतात. आत कैद्याजवळ काय काय असे, हे एका मुलाने विचारलेले असते आणि उत्तर फार छोटे असते. बसमध्ये पाच मिनिटे कोणी बोलत नाही. सहाव्या मिनिटाला मागच्या सीटवर चिवड्याची पिशवी फुटल्याचा आवाज येतो.

परतीची बॅग जातानाच्या बॅगेपेक्षा जड असते. ओले टॉवेल आणि ती जीन्स हे त्याचे एक कारण, करवंटीच्या वाट्या आणि शिंपल्यांच्या किल्लीसाखळ्या हे दुसरे. तशाच साखळ्या मालवणातही मिळतात, पण तिथे त्यांना अंदमानच्या म्हणता येत नाही. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडा मात्र आणता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, आणि तुकडा मेलेला असला तरी कायद्याला फरक पडत नाही. तो मोज्यात लपवला तरी विमानतळावरच्या यंत्राला दिसतो. नारळाच्या प्रसंगामुळे कुटुंबाला या यंत्राचा एव्हाना अनुभव असतो, पण मोजा निवडताना तो आठवत नाही.

घरी बॅग रिकामी होते तेव्हा कधीच न उघडलेल्या वस्तूंचा ढीग वेगळा निघतो : किटली, केस सुकवण्याचे यंत्र, चहापूड, चार किलोंपैकी दोन किलो फराळ आणि चोवीस झेरॉक्स. फराळ मऊ पडलेला असतो. तो शेजाऱ्यांना ‘अंदमानहून आणलेला’ म्हणून दिला जातो. बॅग उलटी करून झटकली की चमचाभर वाळू पडते, आणि ती पुसायला पंचा आणला जातो. मग बॅग माळ्यावर जाते. पुढच्या वर्षी सहल शिमल्याची ठरते. यादी तीच चालते.