उलट्या गंगेच्या काठी

अमेरिकेला जाणारं मराठी जोडपं न्यूयॉर्क बघतं, नायगाऱ्यासमोर प्लास्टिकचा रेनकोट घालून उभं राहतं आणि झोपेच्या तक्रारी घेऊन परत येतं. आम्ही दोघं शिकागोला गेलो. कारण उघड आहे, माझा भाचा तिथे असतो. ‘तिथे’ असं तो म्हणतो. प्रत्यक्षात त्याचं घर नेपरविलला, शिकागोपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. तळेगावात फ्लॅट घेऊन ‘आम्ही पुण्याचे’ म्हणणाऱ्यांना मी आजवर जे जे बोललो, ते भाच्याकडच्या चहाबरोबर मुकाट्याने गिळलं.

मी पुण्याचा आहे हे इथेच सांगून टाकतो, त्याशिवाय पुढचं दुखणं कळायचं नाही. पुणेकराला परगावी एक हक्काची सोय असते, त्या गावाला नावं ठेवण्याची. शिकागोत ती सोयच नाही. ते गाव तुमच्या आधी बोलायला लागतं, स्वतःची बाजू पुराव्यांसकट मांडतं आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमचं काय चुकलं तेही सांगून मोकळं होतं.

त्या गावाच्या मनात एक सल आहे. १९५२ साली ए. जे. लिबलिंग या न्यूयॉर्कच्या पत्रकाराने शिकागोवर पुस्तक लिहिलं आणि नावातच त्याला ‘दुसरं शहर’ म्हणून टाकलं. गाव संतापलं. पण १९५९ साली तिथल्याच काही मंडळींनी नेमकं तेच नाव देऊन विनोदी प्रयोगांचं थिएटर काढलं आणि अपमानावर तिकीट लावलं. ते अजून चालू आहे. आपल्याकडे अपमानावर फक्त निषेधसभा होते, आणि तिला प्रवेश विनामूल्य असतो. लोकसंख्येत म्हणाल तर लॉस एंजेलिसने मागे टाकल्यापासून शिकागो तिसरं आहे, पण हे तिथे मोठ्याने बोलायचं नसतं.

सुरुवात विलिस टॉवरपासून करायची ठरली. टॅक्सीवाल्याला तसं सांगितलं तर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, “सिअर्स.” इमारतीचं नाव २००९ साली बदललं. सिअर्स कंपनी तर त्याच्याही कितीतरी आधी तिथून गाशा गुंडाळून गेली. गावाने दोन्ही घटनांची दखल घेतलेली नाही. पुढच्या सगळ्या प्रवासात मी ‘सिअर्स’ म्हणत राहिलो, आणि आमची ही मात्र तिकिटावरचं वाचून ‘विलिस’ म्हणत राहिली. परक्या गावात नवऱ्याला खोटं पाडायची संधी ती सोडत नाही.

लिफ्टच्या रांगेत गणवेशातल्या एका काकांनी उंचीचा विषय काढला. खरं तर मी काढला. ४४२ मीटर, ११० मजले, आणि पाव शतकभर जगातली सर्वांत उंच इमारत. मग १९९८ साली क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर आले. त्यांचं छप्पर याच्यापेक्षा खाली, शेवटचा वापरातला मजलाही खाली. पण कळस वर. उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा नियम असा की कळस धरायचा, अँटेना धरायचा नाही. शिकागोच्या डोक्यावर अँटेना! काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यात हरलेल्या माणसासारखा झाला होता. त्यावर २०१३चं मीठ. न्यूयॉर्कच्या नव्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचा दांडा हा कळस की अँटेना, असा प्रश्न त्याच परिषदेपुढे आला. कळस, असा निकाल झाला, आणि अमेरिकेतला पहिला नंबरही गेला. परिषदेचं कार्यालय कुठे आहे? शिकागोतच. घरच्याच पंचांनी घरचं माणूस बाद दिलं, यापेक्षा मोठं दुःख क्रिकेटमध्येही नाही.

१०३व्या मजल्यावर भिंतीबाहेर काचेचे डबे काढलेले आहेत. पायाखाली काच आणि काचेखाली ४१२ मीटर निव्वळ हवा. पैसे भरून माणूस तिथे उभा राहतो आणि घाबरतो. ही सरळ जाऊन मध्यभागी उभी राहिली आणि ओरडली, “अहो, या ना! दोघांचं तिकीट काढलंय!” मी काकांना २०१४बद्दल विचारलं. त्या वर्षी लोक उभे असताना काचेला भेगा पडल्याचं मी वाचून गेलो होतो. “काच नव्हे, काचेवरचा संरक्षक थर,” काकांनी दुरुस्ती केली, आणि ती इतक्या तुच्छतेने केली की मी भीती विसरून आत गेलो. डोळे मात्र मिटलेले होते. फोटोत मी ध्यानस्थ दिसतो.

या इमारतीचा सांगाडा फझलुर रहमान खान यांनी रचला, नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधावी तसा. जन्म ढाक्याचा. “म्हणजे आपलाच की,” ही म्हणाली. उपखंडातला माणूस मोठा होऊन परदेशी गेला की तो आपला होतो, मधल्या सगळ्या फाळण्या तेवढ्यापुरत्या स्थगित. मिलेनियम पार्कमधली ती चकचकीत स्टीलची घेवडी करणारे अनिश कपूर तर मुंबईत जन्मलेले. मुंबईत, त्यामुळे मी आनंद बेतानेच व्यक्त केला. शिल्पाचं खरं नाव ‘क्लाउड गेट’. गावाने त्याला ‘बीन’ म्हणायचं ठरवलं; कपूरांना ते मुळीच रुचलं नव्हतं, पण गावाने त्यांना विचारलंच नव्हतं. स्टीलचे १६८ पत्रे जोडलेत आणि सांधा कुठे दिसत नाही. दिसतो तो फक्त समोर उभा असलेला माणूस. तेरा हजार किलोमीटर ओलांडून आलेली शेकडो जोडपी तिथे स्वतःचंच पोट न्याहाळत उभी असतात. बाकी हे पार्क सहस्रकाच्या स्वागतासाठी बांधायला घेतलं आणि २००४ साली उघडलं, अंदाजाच्या तिपटीहून जास्त खर्चात. परदेशात पहिल्यांदाच मला घरी आल्यासारखं वाटलं ते इथे.

आता हॉट डॉग. त्यात बीफ असतं, म्हणून आम्ही एका गाडीवर भाजीचा मागितला. विक्रेत्याने पाव उघडला. वर खसखस. मग पिवळी मोहरी, चिरलेला पांढरा कांदा, डोळ्यांत भरेल इतकं हिरवं काकडीचं लोणचं, टोमॅटोच्या फोडी, मुरवलेल्या काकडीची एक लांब फाक, दोन बुटक्या मिरच्या आणि शेवटी सेलरीचं मीठ भुरभुरवलं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, हात कुठे अडखळत नाही. पूजा मांडतात तसं चाललं होतं. अशा वेळी आमच्या हिने केचप मागितलं.

मागची रांग गप्प झाली. विक्रेत्याने बोट वर केलं. तिथे पाटी होती: केचप फक्त लहान मुलांना मिळेल. ही म्हणाली, “पैसे आम्ही देतोय ना?” त्याने सांगितलं की पैसे परत मिळतील, केचप मिळणार नाही. मी आयुष्यभर अशा पाट्यांच्या गावात राहिलो, त्या पाट्यांची बाजू घेऊन मुंबईच्या पाहुण्यांशी भांडलो. पण काउंटरच्या या बाजूला उभं राहून पाटी वाचण्याचा अनुभव वेगळा आहे. काय सांगू, मनात आदरच दाटला. हिने रागाने अर्धा खाल्ला आणि बाकीचा, “चांगला होता हो,” म्हणत तोही खाल्ला.

संध्याकाळी भाच्याने आणखी माहिती पुरवली. हिवाळ्यात रस्त्यावर स्वतः बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली की तिथे जुनी खुर्ची ठेवून द्यायची, मग ती जागा तुमची. कायद्याने नव्हे, गावाने. एसटीत खिडकीतून रुमाल टाकण्याची कला आम्ही जगाला दिली असं मी मानत होतो. इथे त्यासाठी फर्निचर वापरतात.

रस्त्यांना नावं देण्याची हौसही अगदी आपल्या वळणाची. खरं नाव हिरव्या पाटीवर, आणि तिथल्या नगरसेवकाने कुणाला खूश करायला दिलेलं नाव त्याखालच्या तपकिरी पाटीवर. डेव्हन अव्हेन्यूवर आपल्या लोकांची दुकानं आहेत. तिथे चितळे नावाचं काहीतरी शोधत आम्ही हिंडत होतो. एका टप्प्यावर तपकिरी पाटी गांधी मार्गाची. पुढे गेलं की मोहम्मद अली जिना वे. त्याच रस्त्यावर इस्रायलच्या गोल्डा मायरही आहेत. एका सरळ रेषेत एवढी मतभिन्नता, आणि कोपऱ्यावर सगळ्यांसाठी एकच पाणीपुरी.

मिशिगन अव्हेन्यूवरची स्वामी विवेकानंद वे ही पाटी मात्र आम्ही मुद्दाम शोधली. ११ सप्टेंबर १८९३ला सर्वधर्म परिषदेतलं ते भाषण ज्या इमारतीत झालं, तिथे आज आर्ट इन्स्टिट्यूट आहे. शहरातल्या रहिवाशांना तिथे तिकीट कमी, बाहेरच्यांना जास्त. ताजमहालात गोऱ्यांना जास्त पैसे मोजताना बघून मला जे समाधान मिळायचं, त्याचा हिशेब त्या खिडकीवर पुरता झाला. अमेरिकेच्या भगिनी आणि बंधूंनी आम्हाला कुटुंबातलं धरलं नाही.

शेवटी नदीची सफर. शहरातल्या इमारती बोटीतून दाखवतात आणि सोबत एक स्वयंसेवक बोलत असतो. आमच्या वाट्याला सत्तरीच्या एक बाई आल्या, टोपी, सनग्लास आणि हातात माईक. दीड तासात त्यांनी एकदाही कागद बघितला नाही. शिकागो नदी पूर्वी मिशिगन सरोवरात जायची आणि गावाचा मैला तिथे न्यायची. पिण्याचं पाणीही त्याच सरोवरातलं. मग १९०० साली कालवा खणून त्यांनी नदीच उलटी फिरवली. उलटी गंगा वाहवण्याबद्दल आपल्याकडे नुसतं बोलतात. मैला आता खालच्या अंगाला मिसिसिपीच्या दिशेने निघाला. खालच्या मिसुरी राज्याने दावा लावला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९०६ साली हरला. “वी वन,” बाई म्हणाल्या, जणू काल संध्याकाळचीच गोष्ट.

१८७१च्या आगीत गाव जळालं. त्याचं खापर ओ’लिअरीबाईंच्या गायीवर फुटलं होतं, तिने कंदिलाला लाथ मारली म्हणून. १९९७ साली नगरसभेने ठराव करून बाईंना आणि गायीला निर्दोष ठरवलं. १२६ वर्षांनी. आमच्या हिला हा काळ फार वाटला नाही. तिच्या माहेरच्या वाड्याचा दावा बराच जुना आहे. जिथे आग लागली तिथे आज अग्निशमन दलाची प्रशिक्षण शाळा आहे, हे बाईंनी चेहरा सरळ ठेवून सांगितलं. ट्रिब्यून टॉवरच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे तुकडे बसवलेत, त्यात ताजमहालाचाही एक. ट्रिब्यून वर्तमानपत्राच्या वार्ताहरांनी मालकाच्या सांगण्यावरून गोळा केलेले. “म्हणजे काय, विचारून घेतला का?” हिने विचारलं. त्या दीड तासात बाईंना उत्तर न सापडलेला हा एकच प्रश्न.

बोट धक्क्याला लागली. उतरताना बाईंनी आपुलकीने विचारलं, “कुठून आलात?”

“पुणे.”

“ओह! मुंबईजवळ, नाही का?”

मी पिशवी खाली ठेवली. पेशव्यांपासून सुरुवात केली. हवामान, विद्यापीठ, टेकड्या, संगीत, मग मुंबई वास्तविक कशाच्या जवळ आहे, हे सगळं क्रमाने घेतलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. उलट ‘दुसरं शहर’ म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मी लोहमार्गापर्यंत आलो तेव्हा हिने कोपराने ढोसलं. बोट धक्क्यापासून बरीच लांब आली होती आणि निळ्या शर्टातला एक मुलगा आमच्याकडे पुढच्या फेरीची तिकिटं मागत होता.