जपून फोडा!

बाथरूमची जुनी फरशी काढायची, हे अण्णांना मान्य असतं. ती फुटावी, हे मात्र मान्य नसतं. खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल धरते, पोपडे त्यांच्या चहात पडू लागतात, सेक्रेटरींचं दुसरं पत्र येतं, तेव्हा कुठे मिस्त्री घरात शिरतो.

"जुनीवरच नवी बसवा की!" अण्णांचा पहिला प्रस्ताव.

"बसेल काका. पण जमीन इंचभर वर येणार. दार घासेल, पाणी उंबरा ओलांडून खोलीत जाईल, अन् गळती खाली कोब्यात आहे तिथंच राहील."

अण्णा दाराला रंधा मारायला तयार असतात. काकू गळक्या बाथरूममध्ये आणखी एक पावसाळा काढायला तयार नसतात. ठराव बारगळतो.

"मग अख्ख्या काढा. 1984 चा माल आहे. आता मिळायचा नाही."

मिस्त्री समजावतो, की शहाबादी जाड असते, ती असती तर पहार घालून उचलली असती. ही ग्लेज्ड, सिमेंटमध्ये घट्ट बसलेली. फुटल्याशिवाय सुटायची नाही.

"बरं, मग जपून फोडा!"

दारात स्टूल टाकून अण्णा बसतात. पेचकसाच्या मुठीने फरशी ठोकून बघतात. "ही पोकळ वाजतेय, इथून धरा." मिस्त्रीने छिन्नी तिथेच टेकवलेली असते. ब्रेकर मशीनला मात्र सक्त मनाई, कारण खालून पाइप गेलाय. कुठून? ते अण्णांनी वहीत नोंदवलंय. वही माळ्यावर आहे, आणि माळ्यावर 1984 सालच्या उरलेल्या फरशा आहेत. त्या उतरवल्याशिवाय वहीपर्यंत हात पोचत नाही.

"काका, फरशी काढायचीय की पुजायचीय?"

दुपारी दोन ते चार सोसायटीत ठोकाठोक बंद. मिस्त्री डबा खाऊन लवंडतो, आणि अण्णा राडारोड्याची पोती उपसायला घेतात. अख्ख्या एका बाजूला, पाऊण दुसऱ्या, अर्ध्या तिसऱ्या.

"अहो, या पाऊण फरशांचं काय करणार?"

"कुंड्यांखाली लागतील."

घरात कुंड्या दोन. उरलेल्या तुकड्यांचं गच्चीवर चायना मोझॅक करावं, असा अर्ज अण्णा सोसायटीला देतात. कल्पना चुकीची नाही. गच्चीवर असेच फुटके तुकडे बसवतात. पण पाच बाय सातच्या बाथरूममधून निघालेल्या मालात टाकीखालचा कोपराही भरणार नाही, हे सेक्रेटरींना गुणाकार करून दाखवावं लागतं.

अण्णांची चेष्टा करणं सोपं आहे. पण पहिला घाव पडायच्या आधी मोरीच्या जाळीत जुन्या बनियनचा बोळा कोंबला होता तो त्यांनीच. मिस्त्री तेव्हा हसला होता. सिमेंटचे खडे नळीत उतरून बसले, की वर पाणी तुंबतं आणि बसवलेली नवी फरशी पुन्हा फोडावी लागते, हे त्याला ठाऊक असूनही त्याने बोळा आणला नव्हता.

तेव्हा तुमच्याकडे फरशी काढायची असेल, तर घरातल्या अण्णांना चार दिवस लेकीकडे पाठवा. फक्त जाण्याआधी बोळा त्यांच्याच हातून बसवून घ्या, आणि माळ्याला कुलूप लावा.