ओट्याचा तह

नगरला वेढ्यांची सवय जुनी आहे. 1595 च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला, त्याच्या लोकांनी तटाखाली सुरुंग खणले, खिंडार पाडलं आणि चांदबिबीनं ते रातोरात बुजवून घेतलं. पुढं 1803 मध्ये वेलस्लीनं 8 ऑगस्टला पेठ घेतली आणि 12 तारखेला किल्ला. एवढा भुईकोट चार दिवसांत पडला. सावेडीतल्या आमच्या स्वयंपाकघराचा ओटा काढायचा ठरला तेव्हा तेवढे दिवस नुसते चर्चेत गेले.

ओटा कडप्प्याचा. आंध्रातून आलेला हा काळा दगड जातीनं चुनखडीचा, त्यामुळे आंबटाशी त्याचं जन्माचं वैर. लिंबू सांडलं की तिथली चकाकी गेलीच. आमच्या ओट्यावरच्या पांढुरक्या डागांत कित्येक उन्हाळ्यांची सरबतं आणि आमटीसाठी कोळलेली चिंच नोंदलेली होती. बायकोला ग्रॅनाइट हवा होता. आईची ना नव्हती, अट होती: भिंतीवरच्या टाइलला ओरखडासुद्धा उमटता कामा नये. टाइल 1994 च्या, पांढऱ्या. गॅसच्या मागच्या एकीवर फळांची परडी. त्या परडीतली द्राक्षं अजून ताजी आहेत. अशी टाइल मिळेल का म्हणून मी दुकानदाराला फोटो दाखवला, तर त्यानं आतून मुलाला हाक मारली आणि त्यालाही दाखवला.

खरी गोम बांधणीत असते. ओट्याची लादी आधी भिंतीतल्या खाचेत बसवतात आणि टाइलची पहिली ओळ तिच्यावर उभी करतात. म्हणजे ओटा काढायचा तर टाइलच्या पायाखालची जमीन काढायची, आणि तिला कळू द्यायचं नाही.

सल्लागारांना तोटा नव्हता. एमआयडीसीतून रिटायर झालेले शेजारचे काका पहार घेऊनच आले. "खालून एक दणका द्या, टणकन उठतोय बघा." टाइलचं काय होईल ते त्यांनी विचारात घेतलं नव्हतं, त्या त्यांच्या नव्हत्या. पुण्याचे मेहुणे फोनवर म्हणाले, सगळंच पाडा, मॉड्युलर करून टाका. पाडायचे सल्ले नेहमी बाहेरगावाहून येतात. मुरादही बाहेरूनच आला होता.

पहिल्या मिस्त्रीनं आल्या आल्या पिशवीतून घण काढला. आईनं त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. दुसरा नेवाशाकडचा. त्यानं खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवत गेला.

"मावशी, ह्या तीन पोकळ वाजत्यात. ह्यांच्याकडं जोरात बघायचंसुदिक नाय."

आईनं चहा टाकला. आमच्याकडे ती नेमणूक समजतात.

हा माणूस ठोकणाऱ्यांतला नव्हता, कापणाऱ्यांतला होता. दगडावर घातलेला घाव दगडात राहत नाही, तो भिंतीत शिरतो आणि पोकळ टाइल सुटते, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पाणी आणि गॅस बंद करून त्यानं सिंक काढलं, पोकळ टाइलवर चिकटपट्ट्या लावल्या. मग टाइल आणि कडप्प्याच्या मधलं जुनं पांढरं सिमेंट हॅक्सॉच्या पात्यानं हातानं खरवडलं. बघणाऱ्याला झोप यावी इतक्या सावकाश. काका दोनदा उठून गेले. त्यानंतर ओट्याला खालून टेकू दिले आणि भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून कटरनं सरळ रेघ मारली. पुढचा भाग तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आला. भिंतीतली पट्टी मात्र तशीच, टाइल डोक्यावर घेऊन उभी. तिच्या खालचा माल त्यानं छोट्या छन्नीनं वीतभर पोखरला, तेवढाच तुकडा कापून खाली उतरवला, वरच्या टाइलला लाकडी पाचर दिली, मग पुढची वीत. वर उचकटायचं नाही, खाली उतरवायचं. सगळी विद्या एवढीच. धूळ इतकी, की फ्रिजवरच्या गणपतीचं दर्शन संध्याकाळी ओल्या फडक्यानं घ्यावं लागलं.

टाइल एकही गेली नाही. पण ग्रॅनाइट कडप्प्यापेक्षा पातळ निघाला आणि टाइलखाली बोटभर फट राहिली. मिस्त्री म्हणाला, सकाळी येऊन पट्टी लावतो. आईनं फटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. पट्टी त्याच रात्री लागली.

मुरादशी तह करताना चांदबिबीनं वऱ्हाड दिला आणि अहमदनगर राखलं. आईनं ओटा दिला आणि परडी राखली. कडप्प्याचा सगळ्यात मोठा तुकडा मागच्या अंगणात कपडे धुवायला बसवला आहे. साबणाशी त्याचं बरं जमतं.

तुमच्याकडे असं काम निघालं तर मिस्त्रीला दर नंतर विचारा. आधी त्याच्या खिशात नाणं आहे का ते बघा, आणि शेजारच्या काकांची पहार दोन दिवस मागून आणून माळ्यावर ठेवा.