तीन किलोच्या आतली बंदूक

पुंडलिकनगरातले एक काका तित्तर मारायला बंदूक शोधताहेत. बारा बोरची दुनळीच हवी, पण नळ्या शेजारी-शेजारी नकोत, एकीवर एक. वजन तीन किलोच्या आत, माळरान तुडवताना खांदा भरून यायला नको. (बंदूक जितकी हलकी, तितका तिचा धक्का जोरात, तो त्याच खांद्याला.) तित्तराच्या शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, ही बाब किरकोळ. वरातीत बेफिकिरीने बार काढावा, तर शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. उरला एकच प्रवास: आचारसंहिता लागली की बहुधा पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर घरी. तेवढ्या पायपिटीला हलकी बरी. काकांचं घोडं सध्या दस्त्याच्या लाकडावर अडलंय. अक्रोडच हवा म्हणतात.